सहावी-सातवीच्या पोरांसोबत ग्रीक नाटक वाचताना: मदत हवी

पऱ्हाटी | १४ नोव्हेंबर

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. पाचवी ते सातवी मिळून पट १९. भाषेच्या तासाला तिन्ही वर्ग एकाच खोलीत बसवतो, कारण दुसरी खोली गळते आणि दुसरे सर बहुतेक वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात असतात.

पोरं वाचतात. धडा दिला तर वाचतात, कविता दिली तर चालीवर म्हणतात. संवाद आला की मात्र पांदणीत बंडी रुतल्यागत होतं. सगळे परिपाठातल्या प्रतिज्ञेच्या सुरात वाचतात. रागावलेला माणूसही त्याच सुरात, मेलेलाही त्याच सुरात.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बारा पानांचं एक नाटक हातानं लिहून काढलं. कथा ग्रीकांची. धान्याची देवी डिमीटर आणि तिची पोरगी पर्सेफनी. पोरगी रानात फुलं तोडत असते, जमीन दुभंगते, पाताळाचा राजा हेडीज रथातून वर येतो आणि तिला उचलून नेतो. माय हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून शोधते. मग कळतं की पोरीच्या बापानं, झ्यूसनं, परस्पर होकार दिला होता. माय अशी रुसते की पृथ्वीवर एक दाणा उगवत नाही. झ्यूस हात टेकतो, पोरगी परत येते, पण खाली असताना तिनं डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात. त्यामुळे दरवर्षी काही महिने तिला परत जावं लागतं. पेरलेलं उगवलं नाही की घरात काय होतं, हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. म्हणून हीच कथा घेतली.

पहिला दिवस पार वाया गेला. डिमीटर म्हटलं की सगळ्यांना लाईटचं मीटर आठवलं. पर्सेफनीची फणी झाली, झ्यूसचा ज्यूस. आणि हेडीज आला की अख्खा वर्ग माना खाली घालून हसे, कारण हेडमास्तरला पोरं हेडसर म्हणतात आणि पाताळाचा राजा हेडसर असणं त्यांना फारच पटलं. (प्रभारी हेडसर मीच आहे.)

नावांचं निभेल. खरी अडचण वाचण्याची. कागदावर ‘डिमीटर: (रडत) मी तिला कुठे शोधू?’ असं आहे. पोरगं एका दमात वाचतं, ‘डिमीटर रडत मी तिला कुठे शोधू’. कंस गेला, प्रश्न गेला, रडणं गेलं. दुसरं म्हणजे कोणी कोणाचं ऐकत नाही. आपला नंबर कितव्या वाक्याला येतो तेवढं बोटानं मोजून ठेवतात आणि मधल्या वेळात खिडकीबाहेरची माकडं पाहतात. तिसरं, सहा जण अजून जोडाक्षरांत अडखळतात. नाटकात त्यांना कुठं बसवू?

आणि एक, गोष्ट आधी सांगून टाकू का? कोणी असं काही करून पाहिलं असेल तर सांगा.

---

खडूफळा | १४ नोव्हेंबर

उपक्रम चांगला आहे सर, पण आधी मूळ प्रश्न. ग्रीकच कशाला? मी अमरावतीकडे २६ वर्षं मराठी शिकवलं. आपल्याकडे सावित्री आहे, नचिकेत आहे. पाताळ हवं तर पाताळ, यम हवा तर यम. पोरांना नावं उच्चारता येत नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

---

पऱ्हाटी | १४ नोव्हेंबर

खडूफळा सर, सावित्रीच घेतली होती मागच्या वर्षी. फार गोड वाचलं पोरांनी. नंतर लक्षात आलं की कागद उलटा धरला असता तरी तितकंच गोड वाचलं असतं. शेवट माहीत, यम काय बोलणार तेही माहीत. डोळे कागदावर जातातच कशाला? मला अशी गोष्ट पाहिजे होती की पुढच्या पानावर काय आहे ते वाचल्याशिवाय कळणारच नाही.

लिहिता लिहिता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर मलाच मिळालं वाटतं. गोष्ट आधी सांगायची नाही.

---

वाचनमात्र | १५ नोव्हेंबर

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. माकडांचा प्रश्न आमच्याकडेही आहे.

---

झाडीतला | १५ नोव्हेंबर

पऱ्हाटी भाऊ, मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याकडचा. शिक्षक नाही, पण वीस वर्षं नाटकात आहो. आमच्याकडे भाऊबीजेनंतर मंडई सुरू झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, पडदा पडेस्तोवर उजाडते. २०२३ साली आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला कळलं की असं काही असते.

तर अनुभवाचं सांगतो. कंस वाचायला वेगळा माणूस ठेवा. एका पोराला म्हणा, तू कंसवाला. कुणी काय करते ते तोच वाचणार, बाकीच्यांनी कंसाला तोंड लावायचं नाही. त्यानं ‘रडत’ म्हटलं की डिमीटरला रडावंच लागते. आणि बोलणाऱ्याचं नाव समासात लाल शाईनं लिहा. लाल दिसलं की ते मनातल्या मनात.

माझे मामा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काम करत. त्यांना अक्षरओळख नव्हती. पूर्ण पार्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकून बसवत, आणि ऐकताना एकच विचारत, ‘हे मी कोणाले म्हणून राहिलो?’ उत्तर भेटलं की वाक्य पक्कं. तुमची पोरं मास्तरला वाचून दाखवतात, म्हणून प्रतिज्ञेचा सूर लागते. त्यांना एकमेकांसमोर बसवा. ज्याला बोलायचं त्याच्या डोळ्यांत पाहायचं, मग बोलायचं. पाहताना कागद सुटते, म्हणून वाक्य आधी डोक्यात घ्यावं लागते. तेच तर वाचन.

---

पऱ्हाटी | १५ नोव्हेंबर

भाऊ, ‘हे मी कोणाले म्हणून राहिलो’ हे फळ्यावर लिहून ठेवतो. उद्याच.

---

अनवट | १६ नोव्हेंबर

पुण्यात राहते, ग्रीक नाटकं हा माझा आवडीचा विषय, शिकवण्याचा अनुभव शून्य. तरी दोन-चार गोष्टी तुमच्या कामाच्या असतील.

नावांचं आधी. पर्सेफनीला ग्रीक लोक बऱ्याचदा नावानं हाकच मारत नसत, नुसतं ‘कोरे’ म्हणत. कोरे म्हणजे मुलगी. आणि डिमीटरमधला ‘मीटर’ म्हणजे आई, आपल्या ‘मातृ’चा सख्खा भाऊबंद. झ्यूस आणि संस्कृतातला ‘द्यौस्’ हेही एकाच मुळातले. म्हणजे तुमच्या पोरांसाठी ही नावं वाटतात तितकी परकी नाहीत.

दुसरं, तुमचा पट १९ वाचून मी खुर्चीतून उठले. अथेन्सच्या शोकांतिकांमध्ये बोलणारे नट तीनच असत. तिसरा नट सोफोक्लिस या नाटककारानं आणला असं ॲरिस्टॉटल सांगतो. मुखवटे बदलून हे तिघंच सगळी पात्रं करत. समोर गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा कोरस. तो आधी १२ जणांचा होता, सोफोक्लिसच्या काळात १५ झाला. तीन अधिक पंधरा, अठरा. उरला तुमचा कंसवाला. झाले १९!

आणि खास तुमच्यासाठी. नाटक लिहून बसवणाऱ्या कवीला ते लोक ‘दिदास्कालोस’ म्हणत. अर्थ, शिक्षक. नाटक बसवणं म्हणजे त्यांच्या भाषेत कोरसला शिकवणं.

एक दुरुस्तीही. ही कथा सगळ्यात जुनी आणि सविस्तर मिळते ती होमरच्या नावावर चालणाऱ्या एका स्तोत्रात. ते होमरचं नव्हे, पण इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचं. त्याची हस्तलिखित प्रत १७७७ मध्ये मॉस्कोत सापडली. त्यात डाळिंबाचा दाणा एकच आहे, आणि पर्सेफनीला वर्षाचा तिसरा हिस्सा खाली राहावं लागतं. रोमन कवी ओव्हिडनं सात दाणे केले आणि वर्षाचे दोन सारखे भाग. तुम्ही किती लिहिलेत?

---

पऱ्हाटी | १६ नोव्हेंबर

सहा लिहिले होते ताई, आणि सहा महिने. कुठल्यातरी मुलांच्या गोष्टीत वाचलेलं डोक्यात होतं. उद्या एक करतो. एका दाण्यात जास्त मजा आहे.

---

खडूफळा | १७ नोव्हेंबर

कोरसचं वाचून माझा विरोध थोडा नरमला. सर, तुमच्या गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते का? विदर्भातल्या कितीतरी गावांत तुकडोजी महाराजांमुळे पोरं खंजेरीच्या ठेक्यावर एका सुरात म्हणायला शिकलेली असतात. अडखळणारी सहा पोरं त्या पंधरांत मिसळा, खंजेरी द्या. एकत्र वाचताना अडखळलेलं कोणाला दिसत नाही, आणि शेजारच्याचा उच्चार कानावर पडत राहतो. हे मी कवितेसाठी पुष्कळ वापरलंय.

पण एक सावधगिरी. पोर नुसतं तोंड हलवतंय की वाचतंय, ते जवळ जाऊन ऐकायचं. नाहीतर तिथेही पाठांतरच होतं.

---

सावली | १७ नोव्हेंबर

मी आश्रमशाळेत अधीक्षिका होते. इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

एक मोठा पुरुष रानातून पोर उचलून नेतो. तो तिचा काका आहे, झ्यूसचा सख्खा भाऊ, हे कुणी लिहिलं नाही अजून. बापाचा होकार आहे. आईला पत्ता नाही. पोर ओरडते. आणि हे तुम्ही बारा-तेरा वर्षांच्या पोरींना वाचायला देणार, ज्यांच्यापैकी एखादीच्या घरी सातवी झाली की स्थळाच्या गोष्टी सुरू होत असतील. वाचन सुधारेल, कबूल. पण त्या पोरीच्या तोंडी तुम्ही काय वाक्य देता, ते सांगा.

---

पऱ्हाटी | १८ नोव्हेंबर

सावलीताई, खरं सांगतो, रात्री पान उघडून पाहिलं. पर्सेफनीला बारा पानांत चार वाक्यं होती. पहिल्या पानावर ‘किती सुंदर फुल!’, मग ‘आई!’, आणि शेवटी दोन. हेडीजला मात्र मी अडीच पानांचा संवाद लिहिलाय, त्यात तो आपल्या सोन्याचांदीचं वर्णन करतो. लिहिताना जाणवलंच नाही.

पान काढून टाकू का? की नाटकच बदलू?

---

सावली | १८ नोव्हेंबर

नाटक बदलू नका. झाकलं तर पोरींना कळतंच, फक्त त्याबद्दल बोलायचं नसतं हे सोबत कळतं. हेडीजची अडीच पानं कमी करा. तो दिलदार राजा वगैरे अजिबात नको. आणि वाचून झाल्यावर तुम्ही बोलू नका, त्यांना बोलू द्या. मुलीचं लग्नाचं वय कायद्यानं १८ आहे आणि १०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, हे दोन्ही भिंतीवर आहे का तुमच्या शाळेत? नसेल तर नाटकाच्या आधी ते करा.

---

अनवट | १८ नोव्हेंबर

सावलीताईंना दुजोरा. मूळ स्तोत्रातही मुलगी ओरडते, आणि तिचा आवाज गुहेत बसलेल्या हेकटी या देवीला ऐकू येतो, सूर्यदेव हेलिओसला दिसतं. म्हणजे साक्षीदार दोन आहेत, आणि दोघंही आपणहून आईकडे जाऊन लगेच सांगत नाहीत. हेकटी येते ती दहाव्या दिवशी. कोरस लिहिताना याचा उपयोग होईल.

---

पऱ्हाटी | ७ डिसेंबर

उशीर झाला. कापसाची वेचणी सुरू आहे, अर्धी पोरं दुपारनंतर वावरात असतात. शनिवारची सकाळची शाळा तेवढी नाटकाला मिळते. तीन शनिवार झाले, सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी बसण्याची रीत बदलली. गोल. पहिल्या वाचनाला कोणालाच पात्र दिलं नाही. ज्याच्या हाती कागद आला त्यानं एक बोलणं वाचायचं आणि पुढं द्यायचं. कागद एकच, मुद्दाम. पुढचं पान कोणाच्याच हातात नाही म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले. जमीन दुभंगली तिथं मी घंटा व्हायच्या आधीच थांबवलं, तर सातवीतलं एक पोट्टं माझ्यामागं मोटरसायकलपर्यंत आलं, ‘सर, तिले कोनं नेलं तेवढं सांगा न.’ नाही सांगितलं.

कंसवाला म्हणून पाचवीतलं सगळ्यात बुटकं पोरगं नेमलं. त्याला इतका अधिकार आयुष्यात मिळाला नव्हता. ‘हळू आवाजात’ असं त्यानं वाचलं आणि समोरच्यानं मोठ्यानं वाचलं, तर हा कंस पुन्हा वाचतो, जास्त जोरात. हळू आवाज निघेस्तोवर नाटक पुढं सरकत नाही.

नावं मिटली. पर्सेफनी आता ‘कोरी’ आहे. कोरे सांगितलं होतं, पोरांनी कोरी केलं. एक जण म्हणाला, ‘कोऱ्या पाटीसारखी, तिच्यावर कोनी काही लिवलं नाई अजून.’ मला हे सुचलं नसतं. डिमीटरमध्ये माता आहे म्हटल्यावर मीटरचं हसणं बंद झालं. हेडीज मात्र हेडसरच राहिला.

सहा अडखळणारे कोरसमध्ये आहेत, खंजेरीसह. खडूफळा सर, जवळ जाऊन ऐकलं. दोघं नुसते ओठ हलवत होते. मग कोरसमधली काही वाक्यं फोडून तीन-तीन जणांना दिली. हेकटी-हेलिओसचा भाग कोरसलाच दिला आहे, ‘आम्ही पाहिलं, आम्ही बोललो नाही.’ त्या सहांपैकी एक पोरगी हे वाक्य आता एकटी म्हणते. दोन जोडाक्षरं आहेत त्यात, एकदाही अडली नाही.

आता सावलीताईंचा विषय. हेडीजचं अडीच पानांचं अर्धं पान केलं. काका असल्याचं लपवलं नाही. वर्गात शांतता झाली, मग मागून एक आवाज, ‘काकाच?’ पुढं वाचलं. झ्यूसनं होकार दिला होता हे कळल्यावर सहावीतली एक पोरगी, जी वर्षभरात आपणहून काही बोलल्याचं आठवत नाही, ती कागदाकडेच पाहत म्हणाली, ‘तिच्या मायले सांगतलं नाई. अन् तिले तं कोनी इचारलंच नाई.’ मी काही बोललो नाही, तुमचं ऐकून. त्यावर पोरं-पोरींचं पंधरा मिनिटं चाललं. त्यातलं इथं लिहीत नाही, त्यांचं आहे ते. १०९८ भिंतीवर होता, कॅलेंडरच्या मागे. कॅलेंडर हलवलं.

दाण्याचंही सांगतो. मला भीती होती की एका दाण्यावर एवढी शिक्षा हे पोरांना पटणार नाही. मी समजवायला तोंड उघडलं तोवर एकानं निकाल लावला, ‘आमचा आबाजी आत्याच्या घरी पानीबी पेत नाई. पोरीच्या सासरचं खाल्लं का बंधन लागते.’ एवढं सोपं! ग्रीकांचं पाताळ आणि आत्याचं घर एका वाक्यात. उलटं आहे थोडं, इथं पोरगीच खाते, पण खाल्ल्यानं बांधलं जाणं त्यांना आतून माहीत होतं.

---

झाडीतला | ७ डिसेंबर

कंसवाल्याला माझा नमस्कार सांगा. आमच्या प्रॉम्प्टरचा पुनर्जन्म दिसते.

---

पऱ्हाटी | ८ डिसेंबर

भाषेचा एक गुंता झालाय, त्यावर मत हवं.

मधल्या भागात डिमीटर म्हातारीचं रूप घेऊन एल्यूसिस गावाच्या विहिरीवर बसते. राजाच्या पोरी पाण्याला येतात, विचारपूस करतात. ती खोटं नाव सांगते, मी क्रीट बेटाची, चाच्यांनी पळवून आणलं म्हणते. पोरी तिला घरी नेतात. ती दारू नाकारते, जवाचं पीठ आणि पुदिन्यासारखी पानं घातलेलं पाणी मागते. (हे पोरांनी अंबील म्हणून पास केलं.) इयांबी नावाची एक बाई चावट विनोद करून तिला हसवते.

मी सगळं नाटक पुस्तकी मराठीत लिहिलं. विहिरीचा प्रवेश पोरांनी वाचून पाहिला आणि म्हणाली, ‘सर, विहिरीवर असं कोनी बोलते काय?’ मी म्हटलं, तुम्ही म्हणून दाखवा. त्यांनी अख्खा प्रवेश वऱ्हाडीत केला, हापशीवरच्या बायांसारखा. ‘काहून बसली वो बुढे एकटी?’ असं सुरू झालं. इयांबी तर अशी केली की मला दार लोटून घ्यावं लागलं. आणि तिथून परत कागदावर आल्यावर पुस्तकी वाक्यं त्याच पोरांनी निराळीच वाचली, बोलल्यासारखी.

मग मी ठरवलं, देव पुस्तकी बोलतील, एल्यूसिसची माणसं वऱ्हाडी. बरोबर केलं का?

---

खडूफळा | ८ डिसेंबर

नाही. साफ चूक.

देव प्रमाणभाषेत आणि पाणी भरणाऱ्या पोरी बोलीत, याचा अर्थ पोर काय लावेल? जुन्या सिनेमांत नोकर-गडीच तेवढे बोलीत बोलायचे, त्यातलाच प्रकार. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हटलं म्हणून मी लहानपणी हातावर छडी खाल्ली आहे. बोलीला विहिरीपाशी थांबवू नका.

---

अनवट | ८ डिसेंबर

मला इथे दोन्ही बाजू दिसतात. पण ग्रीक शोकांतिकेत कोरसची गाणी बोलल्या संवादांपेक्षा वेगळ्या बोलीच्या वळणाची असत, डोरिक ढंगाची. एका नाटकात दोन भाषा हे त्यांना नवं नव्हतं. फक्त तिथं वेगळी भाषा गाण्याची शान वाढवायला होती. कमीपणा दाखवायला नाही.

---

झाडीतला | ९ डिसेंबर

पोरांनाच विचारा की. डिमीटर कोणाले म्हणून राहिली?

---

पऱ्हाटी | ११ जानेवारी

विचारलं. महिना लागला, मधे संक्रांतीची गडबड आलीच आहे, आणि डिमीटर करणारी पोरगी आठ दिवस वेचणीला होती.

खडूफळा सर, तुमचा राग मी वर्गात तसाच्या तसा मांडला. छडीसकट. पोरांनी जे ठरवलं ते तुम्हाला सांगतो.

त्यांचं म्हणणं असं. डिमीटर विहिरीवर वऱ्हाडी बोलते, कारण ती लपून आहे, गावातलीच बुढी वाटली पाहिजे. राजाच्या घरात ती त्याच्या तान्ह्या पोराला सांभाळते, रात्री विस्तवात धरते, अमर करायला. राणी पाहते, किंचाळते. तेव्हा म्हातारपण गळून पडतं, घर विजेसारखं उजळतं. तिथे, मधल्याच वाक्यात, भाषा बदलते. ‘काहून वं बोंबलून राह्यली…’ इथपर्यंत बुढी, आणि एक श्वास घेऊन, ‘मी डिमीटर आहे.’ डिमीटरवालीनं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कंसवाला आपला कंस वाचायचा विसरला. तिथं कंसात काय होतं ते मलाही आता आठवत नाही, पुढच्या प्रतीत तो काढून टाकला.

झ्यूसच्या दरबारी पुस्तकी. कारण तिथं भांडायचं आहे आणि ‘तहसीलमध्ये गेलं की असंच बोला लागते.’

आणि शेवटचा प्रवेश. कोरी वर येते, माय धावत जाते. मी लिहिलेलं वाक्य होतं, ‘माझ्या लाडक्या कन्ये, तू परत आलीस!’ डिमीटरवालीनं ते वाचायला तोंड उघडलं आणि थांबली. म्हणाली, ‘सर, एवढ्या दिसानं पोरगी भेटली तं कोन पुस्तकी बोलन?’ मी म्हटलं मग काय म्हणेल. तिनं कोरीकडे पाहिलं. कोरी म्हणजे तीच, ‘कोनी इचारलंच नाई’ म्हणणारी. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘जेवली काय वं?’

मूळ स्तोत्रातही आई भेटल्या भेटल्या हेच विचारते, खाली काही खाल्लंस का. अनवटताईंनी मागवून दिलेल्या भाषांतरात नंतर वाचलं. पोरीला ते माहीत असण्याचं काही कारण नाही. वर्गात मात्र क्षणभर सगळे गप्प, कारण दाण्याचं सगळ्यांना माहीत होतं आणि कोरीला आता उत्तर द्यायचं होतं.

कोरीची वाक्यं आता सतरा आहेत. तेरा तिनंच घातली.

---

खडूफळा | ११ जानेवारी

माघार घेतो सर. देवी लपते तेव्हाही बोली आणि पोटची पोर भेटते तेव्हाही बोली, हे मला २६ वर्षांत सुचलं नाही.

---

सावली | १२ जानेवारी

तेरा. बरं वाटलं.

---

अनवट | १२ जानेवारी

‘जेवली काय वं’ वाचून थोडा वेळ स्क्रीन बंद करून बसले.

एक विचारायचं होतं. ऋतूंचं काय केलंत? स्तोत्रात पर्सेफनी वसंतात फुलांबरोबर वर येते, म्हणून सहसा तिचे खालचे महिने हिवाळ्याचे मानतात. पण काही अभ्यासकांचं म्हणणं वेगळं. अथेन्सच्या भागात धान्य पेरायचं शरदात, हिवाळाभर ते वाढतं, मे-जूनमध्ये कापणी. उजाड असतो तो उन्हाळा. बियाणं जमिनीखालच्या कोठारात पडून असतं, तेच पर्सेफनीचं पाताळ. तुमच्याकडे हिवाळा तर भरल्या शिवाराचा.

---

पऱ्हाटी | १२ जानेवारी

ताई, पोरांनी अभ्यासकांची गाठ न पडता तोच निकाल दिला. मी ‘हिवाळ्यात ती खाली जाते’ असं लिहिलं होतं. वर्ग एकसुरात नाही म्हणाला. हिवाळ्यात कापूस असते, तूर असते, गहू असते, हरभरा असते, ती कायले जाईन? मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर असतो, भुई भेगाळते, ढोरांना चारा नसतो. मग फळ्यावर हिशेब मांडला. वर्षाचा तिसरा हिस्सा म्हणजे चार महिने. होळी पेटली की कोरी खाली. मृग लागला की वर, असं एक जण म्हणाला. बोटं मोजली तर मृगापर्यंत तीनच भरतात, एक महिना कमी पडला. तेव्हा कंसवाल्यानं सुचवलं की मृगाचा काय भरोसा, पाऊस तर लांबतेच, ती जूनच्या शेवटी शाळेसोबत येते. विदर्भात शाळा उन्हापायी उशिरा उघडतात त्याचा त्याला असा उपयोग सापडला. मंजूर झालं.

---

वाचनमात्र | १३ जानेवारी

प्रयोग कधी? कोणी चित्रफीत काढा.

---

पऱ्हाटी | १३ जानेवारी

प्रयोग नाही. मारुतीच्या पारावर शनिवारी संध्याकाळी वाचन केलं, कागद हातात घेऊन, पोशाख-बिशाख काही नाही. कापूस वेचून आलेल्या बाया तशाच बसल्या. एका पालकाला परदेशी देव पसंत नव्हते, तो उभ्यानंच ऐकत होता, शेवटपर्यंत उभाच होता. विहिरीच्या प्रवेशाला बाया मधेच उत्तरं द्यायला लागल्या आणि कोरसला दोनदा थांबावं लागलं. चित्रफीत काढली नाही, पोरींच्या घरच्यांना विचारलं नव्हतं.

---

झाडीतला | १४ जानेवारी

भाऊ, माझी पुतणी इकडे शाळेवर मॅडम आहे, तिला प्रत पाहिजे. आमच्याकडे कापूस नाही, धान आहे. चालेल का? अन् भाषा आमची झाडी, तुमच्या ‘डोया’ला आम्ही ‘डोरा’ म्हणतो.

---

पऱ्हाटी | १४ जानेवारी

पाठवतो भाऊ. कापसाच्या जागी धान घाला, ऋतूंचं पान कोरं ठेवून देतो, ते तुमच्या पोरांनी भरावं. शेवटच्या पानावरचं ‘जेवली काय वं’ही खोडूनच पाठवतो. तिथं माय काय म्हणते ते मॅडमनी सांगू नये, पोरांना विचारावं.

फक्त हेडीजचं नाव बदलू नका. हेडसर तसाच ठेवायचा, अशी आमच्या १९ जणांची अट आहे. कंसवाल्यानं ती कंसात लिहून दिली आहे.